अक्कांची इंग्रजी झोप

माझ्या घरमालकिणीला, म्हणजे अक्कांना, झोप आणि जाग या विषयावरचं इंग्रजी भरपूर येऊ लागलं होतं आणि बाकीचं इंग्रजी अजिबात येत नव्हतं. पाणी, भाडं, मोटर, गेट असल्या रोजच्या गोष्टींसाठी त्यांना ते लागतही नव्हतं. मी सकाळी लॅपटॉप उघडून ऑफिसच्या कॉलवर बसले की खिडकीच्या गजांपलीकडे आधी त्यांचं कुंकू दिसे, मग चष्मा, आणि मग प्रश्न येई.

“अगं, ड्राउझी म्हणजे झोप लागायच्या आधीचं, की जाग यायच्या आधीचं?”

माझा माइक बंद करायचा राहिलेला असे. एकदा माझ्या मॅनेजरनेच गुरगावहून उत्तर दिलं, “बोथ, आंटीजी.” अक्कांनी त्याला कन्नडमधून आशीर्वाद दिला आणि मला म्हणाल्या, “बघ, तो कसा सरळ सांगतो. तू सांगताना आवंढा गिळतीस.”

गिळत होतेच. अण्णा, म्हणजे त्यांचे यजमान, तेव्हा हॉस्पिटलच्या आयसीयूत होते. डोक्यात रक्तस्राव होऊन ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर त्यांनी डोळे उघडले नव्हते. अक्का जो शब्द विचारत, त्याच्या पुढे कोणता शब्द येतो हे मला माहीत होतं, आणि तो त्यांनी विचारू नये म्हणून मी रोज मनातल्या मनात गणपतीला हात जोडत होते.

मुळात माझा स्वभाव भित्रा. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी जिन्यावरून दोनदा परत येते. फोन वाजला तरी दचकते, बराच वेळ वाजला नाही तरी दचकते. असल्या माणसाकडे अक्कांनी शिकवणी लावावी हे त्यांचं नशीब म्हणायचं की माझं, कोण जाणे.

येलहंक्यातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला होता. नागपूरहून नोकरीसाठी आलेली, ओळख ना पाळख. खोली बघायला गेले तेव्हा मी मनात उत्तरं तयार करून गेले होते: लग्न झालं का, मांसाहार करते का, रात्री किती वाजता येणार. अक्कांनी यातलं काहीच विचारलं नाही. आतून दोन ब्लाउजपीस आणले, माझ्यासमोर धरले आणि म्हणाल्या, “यातला गडद कुठला?”

मला दोन्ही सारखेच तपकिरी दिसत होते. घाबरून डावीकडच्याला बोट लावलं.

“सरी,” म्हणजे ठीक आहे, असं त्या म्हणाल्या. “आंधळी नाहीस. सामान आण.”

बरोबर आलं होतं की अक्कांना भाडेकरूची निकड होती, हे मला आजही ठाऊक नाही.

ब्लाउजपिसाचं कारण पुढे कळलं. शहरातल्या जुन्या बाजारपेठेत, चिकपेटेत, त्यांचं घाऊक साड्यांचं दुकान होतं. घराणं फार जुनं, मराठी, पण महाराष्ट्र कुणी बघितलेला नाही. “आमचे लोक घोड्यावर बसून इकडं आले,” त्या सांगत, “आणि घोडा विकून साड्या घेतल्या.” त्या गल्लीतल्या बायका सहसा दुकानात बसत नसत. अक्का बसत. साड्यांच्या गठ्ठ्याला त्या ‘माल’ म्हणत आणि नवा माल आला की तो रंगाप्रमाणे लावायचं काम त्यांचं. फिक्यापासून गडदापर्यंत, घडीवर घडी, कडा जुळवून. मध्ये एखादी छटा सुटली तर दुकान उघडू द्यायच्या नाहीत. “ओळीत ठेवल्याशिवाय रंग कळत नाही,” हे त्यांचं ठाम मत होतं. “एकटा रंग खोटं बोलतो. शेजारी दुसरा ठेव, मग खरं सांगतो.”

आधी रंग, मग भाव, हा त्यांचा नियम. कुणी आल्या आल्या भाव विचारला की त्या त्याला शेजारच्या दुकानाचा रस्ता दाखवत, आणि अण्णा बिचारे चपला न घालता जिन्यापर्यंत धावत जाऊन त्याला परत आणत. असा त्यांचा संसार. एकाने गिऱ्हाईक घालवायचं आणि दुसऱ्याने आणायचं, तरी दुकान चाललं.

हा रंगांचा हिशेब दुकानापुरता राहिलेला नव्हता. मला ताप आला तेव्हा त्यांनी थर्मामीटर लावला नाही, पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाल्या, “कालच्यापेक्षा एक घडी फिकी.” नागपूरहून माझ्यासाठी एका मुलाचा फोटो आला, तो मी त्यांना दाखवला. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, “मुलगा बरा आहे. पण शर्ट पँटला मिळत नाही आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. म्हणजे घरात खरं बोलणारं माणूस नाही. बेडा.” बेडा म्हणजे नको. मी नकार कळवला. आईला कारण काय सांगावं हे मला आठवडाभर सुचलं नव्हतं.

खरं बोलणारं माणूस घरात असावं, याचा त्यांना ध्यासच होता. आणि नेमकं त्यांच्याच वाट्याला ते आलं नाही.

अण्णा पडले ते सकाळी, देवपूजेची फुलं काढताना. मी वरून आवाज ऐकला. पुतण्याला फोन मीच केला. हा पुतण्या म्हणजे मुलगाच. त्याचे आईवडील लवकर गेल्यावर या दोघांनी त्याला वाढवला, लग्न करून दिलं, आता दुकान तोच बघतो. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. मी त्याला दादा म्हणत असे. ऑपरेशननंतर बाहेर येऊन तो अक्कांना म्हणाला, “काकी, सगळं नीट झालं. काका झोपलेत.”

अक्कांनी त्यावर विश्वास ठेवला, आणि त्याला कारण होतं. अण्णांची झोप चिकपेटेत प्रसिद्ध होती. दुपारी जेवण झालं की ते दुकानातल्या गादीवर आडवे होत आणि मग खाली टेम्पो अडकून अर्धी गल्ली शिव्या देत असली तरी त्यांची कूस बदलत नसे. तेव्हा अक्का म्हणाल्या, “झोपू दे. उठवू नका. दमले असतील.” घरी आल्या आणि अण्णा उठले की खातील म्हणून मऊ पोळ्या करून ठेवल्या. त्या पोळ्या दुसऱ्या दिवशी मी खाल्ल्या. नाही म्हणायची हिंमत नव्हती.

पहिले काही दिवस असेच गेले. रोज डॉक्टर नातेवाइकांना बोलावून सांगत, पुतण्या ऐके, आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या अक्कांना येऊन सांगे, “झोपलेत.” आत भेटायलाही तोच त्यांना खांद्याला धरून नेई आणि “झोपमोड होईल” म्हणत लगेच वळवून बाहेर आणी. एक दिवस अक्का भडकल्या. मी तिथेच होते.

“डॉक्टर एवढं बोलते, हात हलवते, चित्र काढून दाखवते. आणि तू येऊन सांगतोस एक शब्द. बाकीचं कापड कुठं गेलं?”

“इंग्रजी तसलंच असतंय काकी,” पुतण्या म्हणाला. “बोलायला लांब, अर्थ थोडका.”

पण अक्का गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. पाच भाषांत साडी विकलेली बाई ती. त्यांनी कन्नडमध्ये हासन जिल्ह्याकडच्या एका शिकाऊ डॉक्टरला गाठलं. तो म्हणाला, “मलगिद्दारे, अम्मा.” म्हणजे झोपलेत. केरळच्या नर्सला तमिळमध्ये विचारलं, लादी पुसणाऱ्या बाईला तेलुगूत विचारलं, दारावरच्या गार्डला हिंदीत विचारलं. सगळीकडून झोपच आली. पुतण्याने सगळ्यांना हात जोडून सांगून ठेवलं होतं, हे त्यांना तेव्हा कळलं नाही. पण सगळ्यांचा माल एकाच कारखान्यातून आलाय एवढं कळलं.

संध्याकाळी त्या माझ्याकडे वर आल्या. गुडघे दुखत असल्याने तोवर त्या सहसा जिना चढत नसत.

“मला येतात तेवढ्या सगळ्या भाषांत लोक माझ्याशी खोटं बोलायलेत,” त्या म्हणाल्या. “खरं फक्त इंग्रजीत बोलतात, आपापसांत. मला इंग्रजी शिकव.”

“सगळं इंग्रजी, अक्का?”

“सगळं कशाला? झोपेचं शिकव. ते कुठल्या झोपेत आहेत ते मला बघायचंय.”

असे आमचे वर्ग सुरू झाले. अक्कांना इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं आणि लिहून घ्यायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी लोखंडी ट्रंक उघडली. आत ओटीत आलेले ब्लाउजपीस होते, ढीगभर. हळदीकुंकवाला मिळालेला ब्लाउजपीस कुणी शिवत नाही, तो पुढच्या घरी जातो, हे सगळ्या बायकांना ठाऊक असतं. अक्कांकडे मात्र ते येऊन थांबले होते, कारण कुठली छटा कुणाला द्यावी हे त्यांचं कधीच ठरत नसे. त्यातले निवडून त्यांनी दिवाणावर ओळ लावली. एका टोकाला हळदीसारखा पिवळा, मग फिका गुलाबी, आंबा, पोपटी, मोरपंखी, जांभळा, आणि पार दुसऱ्या टोकाला काळा वाटेल असा गर्द हिरवा. काळं ओटीत कुणी घालत नाही.

“हा पिवळा म्हणजे जागं. याला काय म्हणतात?”

“अवेक.”

“अवेक,” त्यांनी पिवळ्यावर हात ठेवून तीनचारदा म्हटलं. “आता पुढचं सांग. एक घडी गडद.”

‘ड्राउझी’ फिक्या गुलाबीवर बसला. मी ‘यॉन’ सांगितलं, ‘नॅप’ सांगितलं, ‘स्नूझ’ सांगितलं. घोरण्याला ‘स्नोर’ म्हणतात हे ऐकून त्यांना मजा वाटली. “हे अण्णांचं,” म्हणून त्या शब्दासाठी एक ब्लाउजपीस त्यांनी वेगळा काढून उशीखाली ठेवला. उशिरा उठण्यालाही इंग्रजीत स्वतंत्र शब्द आहे हे कळल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हा तुझा.” मी मुद्दाम इकडेच रेंगाळत होते. जांभई, डुलकी, पेंग, आळस. शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर लिहिलेले सगळे निरुपद्रवी शब्द मी आठवून आठवून सांगत होते, आणि गुलाबीवर ढीग चढत होता.

चौथ्या की पाचव्या वर्गाला अक्कांनी हात वर केला.

“गुलाबीत किती माल भरशील? गडद बाजू रिकामी आहे बघ. तिकडचे शब्द तू सांगत नाहीस.”

“येतील, अक्का. स्वल्प थांबा.” त्यांच्याच बोलीत बोललं की त्या नरमतात असा माझा समज होता.

“कोमा मला ठाऊक आहे,” त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. “टीव्हीत दाखवतात की. पण टीव्हीत कोमातले सगळे उठून बसतात, म्हणून मी तो शब्द धरला नाही. तू हॉस्पिटलातले सांग.”

दुसऱ्या दिवशी पुतण्याने मला जिन्यात गाठलं. तो अक्कांना न्यायला आला होता. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण एक सोडून लावलेलं, डोळे लाल.

“तुम्ही काकीला शिकवायलात म्हणे.”

“त्यांनीच सांगितलं, दादा.”

“नका शिकवू. तिला बीपी आहे. हे कानावर पडलं तर तीच पडेल. मग दोघांना मी कसा सांभाळू?”

“हे म्हणजे काय?”

मी विचारायला नको होतं. तो पायरीवर बसला आणि त्याने सांगून टाकलं. मेंदूला फार मार बसला होता. झोपेची औषधं डॉक्टर हळूहळू बंद करणार होते, आणि ती बंद केल्यावरही जाग आली नाही, तर मग त्यांना फारशी आशा नव्हती. हे त्याने बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. ती माहेरी बाळंतपणाला गेली होती. “आतून मी डॉक्टरचं ऐकून बाहेर येतो,” तो म्हणाला, “तर काकी बाकड्यावरून माझ्या तोंडाकडं बघत असते. त्या दारापासून बाकड्यापर्यंत चालताना मी तोंड नीट करतो. रोज.”

मला त्याची कीव आली आणि त्याचा रागही आला, कारण आता तेच ओझं माझ्याही डोक्यावर होतं. खाली अक्का ‘ड्राउझी, ड्राउझी’ म्हणत चपला घालत होत्या. मी ठरवलं की आपण होऊन काही सांगायचं नाही आणि विचारलं तर खोटं बोलायचं नाही. भित्र्या माणसाला असाच मार्ग सुचतो. त्याने कुणाचंच समाधान होत नाही.

पण अक्कांना आता माझी गरज उरली नव्हती. त्या शब्द हॉस्पिटलातूनच आणू लागल्या. नर्सा पाळी बदलताना एकमेकींना सांगत ते दाराला कान लावून ऐकायचं, आणि तो शब्द तोंडात घोळवत रिक्षाने घरी यायचं. एकदा मी सोबत होते. सबंध रस्ता “सिडेटेड, सिडेटेड” चाललं होतं. शेवटी रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, “एनम्मा अदु?” काय ते, म्हणून. त्याला वाटलं पत्ता आहे.

“औषध देऊन आणलेली झोप,” मी सांगितलं, आणि अक्कांचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना.

“म्हणजे वरून चढवलेला रंग! मी म्हटलं ना, ते एवढे गडद कसे. धुतलं की जाणार.” घरी येऊन त्यांनी झगझगीत राणी रंगाचा, हलक्या प्रतीचा ब्लाउजपीस काढला आणि ओळीत ठेवला. “हा पहिल्या पाण्यात उतरतो,” त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्यांनी गोडाचा शिरा केला. मी शिरा खात होते आणि पुतण्याची मोटारसायकल गेटाशी वाजते का इकडे माझा सगळा कान होता. तेव्हा ती गाडी वाजली की मला धडधडायचं आणि नाही वाजली की त्याहून जास्त.

दोनतीन दिवसांनी त्या हॉस्पिटलातून आल्या त्या थेट आत गेल्या. चहा घेतला नाही. दिवाणावरच्या ओळीसमोर बसून राहिल्या. मग राणी रंगाचा तो ब्लाउजपीस उचलून त्यांनी बाजूला ठेवला.

“नर्स नर्सला म्हणाली, सिडेशन स्टॉप्ड. स्टॉप मला येतं. बसवर लिहिलेलं असतंय.”

मी त्या राणी रंगाच्या ब्लाउजपिसाची घडी उगाच पुन्हा घातली.

“कधीचं बंद केलंय. रंग धुतला,” अक्का म्हणाल्या, “तरी ते उठले नाहीत. मग खालचं कापड कुठल्या रंगाचं आहे?”

“मला माहीत नाही, अक्का.” हे खरं होतं, आणि पुरतं खरं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता त्या ओरडतील, पुतण्याला बोलावतील, किंवा तो म्हणत होता तसं खरंच काहीतरी होईल. मी त्यांच्या बीपीच्या गोळ्या कुठे असतात ते डोळ्यांनी शोधत होते. त्यांनी फक्त ब्लाउजपीस एकावर एक रचून पिशवीत घातले.

“उद्या तू माझ्याबरोबर चल,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. हॉस्पिटलात आम्ही तिघं बाकड्यावर बसलो. अक्का मध्ये, मांडीवर पिशवी. पुतण्या सारखा माझ्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे. मग नर्सने कसल्यातरी औषधाची चिठ्ठी दिली आणि तो ते आणायला खालच्या मेडिकलमध्ये गेला. तो गेला आणि लगेचच गार्डने अण्णांच्या नातेवाइकांना पुकारलं.

“दादांना येऊ द्या,” मी म्हणाले.

“तो आला की पुन्हा कापड कापणार,” अक्का म्हणाल्या. “चल.”

डॉक्टर दिल्लीकडची होती, मध्यम वयाची, दमलेली. हिंदीत विचारलं तर तीही झोपच सांगेल, असं अक्कांनी मला रिक्षात बजावलं होतं. तिने आमच्या मागे पुतण्या दिसतो का बघितलं. मग माझ्याकडे बघून इंग्रजीत सुरुवात केली. अक्कांनी टेबलावर हात ठेवला.

“मी. टेल मी.”

डॉक्टर थांबली. अक्कांनी पिशवी उघडली आणि तिच्या टेबलावर, फायली सरकवून, एकेक घडी मांडायला सुरुवात केली. मला लाज वाटली, हे कबूल केलं पाहिजे; बाहेर लोक थांबलेले, आणि आमचं इथे साड्यांचं दुकान. डॉक्टरही गोंधळली. पण अक्का हात ठेवून सांगू लागल्या, आणि दोन शब्दांतच तिला कळलं.

“धिस, अवेक. धिस, ड्राउझी. धिस, स्लीप. धिस, डीप स्लीप.” मग राणी रंगाचा दाखवला. “धिस, सिडेटेड. स्टॉप्ड.” तो त्यांनी पिशवीत परत टाकला. पुढचे तीन गडद राहिले, बिननावाचे. “माय हजबंड. व्हेअर?”

मी डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती आता घड्याळ बघेल, गार्डला बोलावेल, “ही इज स्लीपिंग” म्हणेल असं मला वाटत होतं, आणि तिने तसंच म्हणावं अशी मी मनातून प्रार्थनाही करत होते. तिने चष्मा काढला. मग हात पुढे करून शेवटच्या, गर्द हिरव्या घडीवर बोटं टेकवली.

अक्कांनी मान हलवली. ओरडल्या नाहीत. स्वतःचं बोट त्यांनी त्या हिरव्यावर ठेवलं आणि हळूहळू मागे आणलं, जांभळ्यावर, मोरपंखीवर, पोपटीवर, पार पिवळ्यापर्यंत. मग डॉक्टरकडे बघितलं. हा प्रश्न होता.

“वी डोन्ट एक्स्पेक्ट दॅट, अम्मा,” डॉक्टर म्हणाली. “आय ॲम सो सॉरी.”

अक्का माझ्याकडे वळल्या. “एक्स्पेक्ट?”

झोपेचे सगळे शब्द आम्ही केले होते. हा केला नव्हता, तो झोपेचा नव्हताच. मी पुतण्याच्या जागी उभी होते आणि पहिल्यांदा मला कळलं की त्या जागेवरून तोंडात ‘झोपलेत’ का येतं. तेवढंच येतं. दुसरं काही यायला तयार नसतं. मी अक्कांचा हात धरला.

“अक्का, ते आता जागे होतील असं डॉक्टरांना वाटत नाही.”

“सरी,” त्या म्हणाल्या.

त्यांनी घड्या गोळा केल्या. एकेक, कडा जुळवून, घाई न करता. गडद खाली, फिकी वर. एकही घडी वाकडी झाली नाही. दार उघडून बाहेर आल्यावर मी त्यांना बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं, त्या पडतील म्हणून दोन्ही हातांनी धरून बसले. त्या पडल्या नाहीत. रडल्या, आवाज न करता, बराच वेळ. मीही रडले. मग पदराने तोंड पुसून त्यांनी विचारलं, “तो पोरगा हे कधीपासून घेऊन फिरतोय?”

“बरेच दिवस झाले.”

“एकटाच?”

“मला सांगितलं होतं. घरी कुणाला नाही.”

“आणि मी त्याला रोज खोटारडा म्हणत होते,” अक्का म्हणाल्या.

तेवढ्यात पुतण्या औषधाची पिशवी घेऊन जिन्याने वर आला. आम्हाला डॉक्टरच्या दाराजवळच्या बाकड्यावर बघून तो जागीच थांबला. मग मी त्याला ते करताना प्रत्यक्ष पाहिलं. त्याने खांदे सरळ केले, एकदा डोळे मिटले, चेहऱ्यावर हसू आणलं आणि चालत आमच्याकडे आला.

“काकी, काका—”

“कळलं मला,” अक्का म्हणाल्या. “बस इथं.”

त्याचं ते हसू काही क्षण तसंच राहिलं, कारण ते काढून ठेवायला त्याला वेळच मिळाला नव्हता. मग तो बाकड्यावर बसला नाही, कोसळला. अक्कांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. एवढा थोराड माणूस, पाय बाकड्याबाहेर, हुंदके देत होता आणि “काकी, मला सांगता येईना,” एवढंच म्हणत होता. त्या त्याच्या केसांतून हात फिरवत होत्या.

“सांगू नकोस आता. माझ्याकडं दे ते. तू स्वल्प झोप रे. मी जागी आहे.”

आणि तो खरोखरच झोपला. किती दिवसांचा जागा होता देव जाणे. लोक येत जात होते, स्ट्रेचर जात होतं, त्याला काही कळत नव्हतं. अक्का तशाच बसून होत्या, समोरच्या भिंतीकडे बघत.

भेटायची वेळ झाली. गार्डने दारातून अण्णांचं नाव पुकारलं. एका वेळी एकच माणूस, तो म्हणाला. मी सवयीने पुतण्याला उठवायला हात पुढे केला, तो अक्कांनी मध्येच धरला.

“बेडा. निजू दे त्याला,” त्या म्हणाल्या. त्याचं डोकं त्यांनी हळूच उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, निऱ्या सारख्या केल्या, चपला बाकड्याखाली सरकवल्या आणि एकट्या आत गेल्या.